नॅनोसेकंदांचा हिशेब

29 जून 2023 रोजी जगभरातल्या खगोलशास्त्रज्ञांच्या वेगवेगळ्या गटांनी ठरवून एकाच वेळी आपापले शोधनिबंध जाहीर केले. त्यात उत्तर अमेरिकेचा ‘नॅनोग्रॅव्ह’ होता, ऑस्ट्रेलियाचा आणि चीनचा गट होता, आणि युरोपच्या गटाबरोबर भारताचा ‘इनपीटीए’ होता. सगळ्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की अवकाशकाल सतत आणि अतिशय संथपणे हेलकावतो आहे आणि त्या हेलकाव्यांच्या खुणा आमच्या नोंदींत दिसू लागल्या आहेत. बातम्यांनी त्याला विश्वाचं संगीत करून टाकलं. निबंध उघडून पाहिले तर आत संगीत कुठेच नाही. आहे तो वर्षानुवर्षांचा, कंटाळवाणा वाटेल इतका काटेकोर हिशेब. मला त्या हिशेबाचंच अधिक अप्रूप वाटतं. त्यातली काही पानं पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातल्या खोडदला लिहिली गेली आहेत.

हे हेलकावे म्हणजे गुरुत्वीय लहरी. त्या पहिल्यांदा सापडल्या 14 सप्टेंबर 2015 रोजी, अमेरिकेतल्या ‘लायगो’ या यंत्राला. दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन झाली आणि यंत्राच्या चार-चार किलोमीटर लांबीच्या भुजा सेकंदाच्या एका अंशापुरत्या थरथरल्या. ती कृष्णविवरं सूर्याच्या तीसेक पट जड होती. दीर्घिकांच्या केंद्रात असतात ती कोट्यवधी, कधी अब्जावधी पट जड. दोन दीर्घिका एकमेकींत मिसळल्या की त्यांची ही केंद्रंही एकमेकांभोवती फिरू लागतात, पण एका फेरीला वर्षं लागतात. त्यातून निघणाऱ्या लहरीची लांबी प्रकाशवर्षांत मोजावी लागते. तिच्यापुढे चार किलोमीटरच्या भुजेचा काय पाड?

मग भुजा आणायची कुठून? 1978 मध्ये मिखाईल साझिन आणि 1979 मध्ये स्टीव्हन डेटवायलर यांनी सुचवलं, की ती आकाशात तयारच आहे. एका टोकाला पृथ्वी, दुसऱ्या टोकाला स्पंदक. जॉसलिन बेल यांनी 1967 मध्ये पहिला स्पंदक शोधला होता. सूर्याहून जास्त वस्तुमान वीस-पंचवीस किलोमीटर व्यासात कोंबलेला हा न्यूट्रॉन तारा गिरकी घेतो आणि दर गिरकीला त्याच्या रेडिओ किरणांचा झोत पृथ्वीवरून जातो. पण या कामाला सुरुवातीचे स्पंदक पुरेसे नेमके नव्हते. 1982 मध्ये डोनाल्ड बॅकर आणि सहकाऱ्यांना अरेसिबोच्या दुर्बिणीतून सेकंदाला 642 गिरक्या घेणारा स्पंदक सापडला आणि चित्र पालटलं. त्या गटात बर्कलीला पीएचडी करणारा एक विद्यार्थी होता, श्रीनिवास कुलकर्णी. जन्म कुरुंदवाडचा. पुढे त्यांनी बरंच काही शोधलं आणि 2024 मध्ये त्यांना शॉ पारितोषिक मिळालं. पण मिलिसेकंदांत गिरकी घेणाऱ्या स्पंदकांचं हे दालन उघडलं ते विद्यार्थिदशेत.

या स्पंदकांचा प्रत्येक ठोका केव्हा पोहोचायला हवा हे आधी काढता येतं. तो प्रत्यक्षात केव्हा आला ते मोजायचं आणि फरक मांडायचा. वर्षानुवर्षं मोजल्यावर शोधायचा फरक शंभरेक नॅनोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या कोटीव्या भागाइतका. इथे हिशेब अवघड होतो, कारण फरक पाडणाऱ्या गोष्टींची रांग मोठी आहे. पृथ्वी फिरते, सूर्याजवळून येताना किरण रेंगाळतात, गुरू ग्रह सूर्याला जरासा ओढतो. 2018 च्या सुमारास नॅनोग्रॅव्हच्या लक्षात आलं, की गुरूच्या कक्षेतली बारीकशी अनिश्चिततासुद्धा लहरींसारखी दिसू शकते. मग त्यांनी सूर्यमालेचा गुरुत्वमध्य शंभर मीटरच्या आत निश्चित करण्याचं कामही अंगावर घेतलं.

खरी खूण ओळखण्याची युक्ती रोनाल्ड हेलिंग्ज आणि जॉर्ज डाउन्स यांनी 1983 मध्ये दिली. पृथ्वीवरची घड्याळंच चुकली तर सगळे स्पंदक एकसारखे चुकल्यासारखे दिसतील. सूर्यमालेचा मध्य चुकला तर समोरासमोरच्या दिशांचे स्पंदक एकमेकांच्या उलट चुकतील. गुरुत्वीय लहरींचा ठसा मात्र निराळा. आकाशात शेजारी असलेल्या दोन स्पंदकांचे फरक एकमेकांशी जुळतात, काटकोनाच्या आसपास असलेल्यांचे उलटे पडतात आणि अगदी समोरासमोरच्यांचे पुन्हा काहीसे जुळतात. हा वाकडातिकडा आलेख दुसऱ्या कुठल्या चुकीतून सहजासहजी उमटत नाही. एक स्पंदक त्यामुळे काहीच सिद्ध करत नाही. जोड्या हव्यात, पुष्कळ जोड्या.

आता खोडद. ताऱ्यांमधली पोकळी पूर्ण रिकामी नसते. तिथले विखुरलेले इलेक्ट्रॉन रेडिओ लहरींना अडवतात, आणि कमी वारंवारितेच्या लहरींना जास्त अडवतात. आषाढी वारीच्या गर्दीतून एकटा माणूस झटकन पुढे निघतो आणि कडेवर मूल घेतलेला मागे रेंगाळतो, तसं. इलेक्ट्रॉनांचं प्रमाण दर काही आठवड्यांनी बदलतं आणि ती दिरंगाई नेमकी वजा केली नाही तर सगळा हिशेब कोसळतो. ती सर्वांत चांगली दिसते कमी वारंवारितेला. युरोपच्या दुर्बिणी प्रामुख्याने वरच्या पट्ट्यात काम करतात. खोडदची जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, बांधलीच आहे खालच्या पट्ट्यासाठी.

ती बांधणारे गोविंद स्वरूप. उटीला डोंगराच्या उतारावर 530 मीटर लांबीची दुर्बीण त्यांनी 1970 मध्ये उभी केली होती. पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतर्फे त्यांनी खोडदला 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्या उभारल्या. चौदा मध्यभागी जवळजवळ, सोळा तीन दिशांना पसरलेल्या. दोन टोकांमधलं अंतर पंचवीस किलोमीटर. भरीव पत्र्याची एवढी तबकडी परवडली नसती. त्यांनी ताणलेल्या पोलादी दोरांवर बारीक तारांची जाळी बसवली. वारा जाळीतून निघून जातो, मीटरभर लांबीच्या लहरी मात्र परततात. गरजेतून निघालेली अशी अभियांत्रिकी आपल्याकडे होते, पण तिचे पोवाडे फारसे गायले जात नाहीत. अलीकडे दुर्बिणीची ग्रहणयंत्रणा नव्याने बसवली गेली आणि पूर्वी 32 मेगाहर्ट्झ रुंदीचा जो पट्टा एका वेळी टिपता यायचा तो 400 पर्यंत गेला. राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचे भालचंद्र जोशी आणि इनपीटीएमधले त्यांचे सहकारी तबकड्यांचे गट पाडून एकच स्पंदक एकाच वेळी 300 ते 500 आणि 1260 ते 1460 मेगाहर्ट्झला पाहतात. दोन पट्ट्यांतला उशीर ताडून इलेक्ट्रॉनांचा वाटा वेगळा काढता येतो. जपानचे शास्त्रज्ञही या गटात आहेत.

अशा कामात धक्के बसतातच. सेकंदाला सुमारे 219 गिरक्या घेणारा ‘जे1713+0747’ हा सगळ्या गटांचा भरवशाचा स्पंदक. एप्रिल 2021 मध्ये त्याच्या ठोक्याचा आकारच अचानक बदलला. जीएमआरटीच्या नोंदींत तो बदल स्वच्छ दिसला आणि भारतीय गटाने लगेच तो प्रसिद्ध केला. नंतर ठोका हळूहळू मूळ रूपाकडे वळू लागला. स्पंदकाने असं का केलं यावर वाद आहे.

शोध लागला की नाही? 2023 च्या निबंधांनी ‘शोध’ असा दावा केलाच नाही, ‘पुरावा’ म्हटलं. युरोप आणि भारताच्या एकत्रित नोंदींत, 25 स्पंदकांच्या आधारे, हा ठसा निव्वळ योगायोगाने उमटण्याची शक्यता हजारात एक. भौतिकशास्त्राचा दंडक आहे साधारण पस्तीस लाखांत एक. शिवाय पंचवीस वर्षांच्या पूर्ण नोंदींत खूण अंधूक आणि शेवटच्या दहा वर्षांच्या नोंदींत अधिक ठळक. जुन्या यंत्रांच्या मर्यादा हे त्याचं एक संभाव्य कारण. हा पेच त्यांनी लपवला नाही. मार्च 2014 मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या ‘बायसेप’ गटाने विश्वारंभीच्या लहरी सापडल्याचं जाहीर केलं होतं आणि पुढे निघाली ती आकाशगंगेतली धूळ. तेव्हा पोळलेली जमात आता ताक फुंकून पिते, हे बरंच आहे. त्यानंतर डिसेंबर 2024 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या मीरकॅट दुर्बिणीने 83 स्पंदकांच्या साडेचार वर्षांच्या नोंदींतून अशीच खूण दाखवली. भारतीय गटाने 2025 मध्ये 27 स्पंदकांच्या नोंदींचा दुसरा संच दिला. साऱ्या देशांचे संच एकत्र जुळवण्याचं काम चालू आहे. लहरी महाकाय कृष्णविवरांच्याच आहेत, की विश्वाच्या आरंभीच्या एखाद्या घडामोडीच्या, हे त्यातून ठरायचं आहे.

या सगळ्याला लागते शांतता, रेडिओची. चंद्रावर कुणी मोबाइल चालू केला तर तो आकाशातल्या सर्वांत प्रखर रेडिओ स्रोतांमध्ये गणला जाईल, इतके हे स्पंदक क्षीण. खोडद निवडलं गेलं ते डोंगरांच्या आडोशामुळे आणि इथल्या कमी गोंगाटामुळे. जवळच तमाशाच्या फडांचं नारायणगाव, त्यामुळे गोंगाट हा शब्द इथे जपूनच वापरलेला बरा. पण ढोलकीचा त्रास होत नाही. होतो तो मोबाइल टॉवरचा, विजेच्या तारांवरच्या ठिणग्यांचा.

आणि रेल्वेचा. पुणे-नाशिक निमद्रुतगती मार्ग याच भागातून आखला होता. दुर्बिणीला बाधा येईल म्हणून आधीची आखणी बदलावी लागेल, असं रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी 2025 मध्ये सांगितलं. या भागातले लोक अर्थातच नाराज झाले. मला शास्त्रज्ञांची बाजू पटते: विजेवरची गाडी धावली की टपावरच्या दांड्यातून ठिणग्या उडणार, आणि एकदा गेलेली रेडिओ शांतता पैसे टाकून परत आणता येत नाही. पण या शांततेची किंमत कोण मोजतं, हेही विचारायला हवं. शोधनिबंधावर नाव असतं संस्थांचं. टोमॅटो आणि द्राक्षं पिकवणाऱ्या ज्या गावांना स्टेशन मिळणार होतं त्यांचं नसतं. दरवर्षी 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, खोडदला शाळकरी मुलांची रीघ लागते, ते उत्तमच. तेवढ्यावर मात्र भागू नये. रूळ वळवायचे असतील तर जुन्नरच्या शेतमालासाठी रस्ते, शीतगृहं आणि तरुणांसाठी रेडिओ गोंगाट न करणारे उद्योग यांची योजना त्याच निर्णयाच्या कागदावर यायला हवी होती, आणि अजूनही येऊ शकते.