मामाची नडगी आणि हिरोशिमाचे उंदीर

माझ्या मामाची नडगी मोडली त्याला आता आठ महिने झाले. प्लेट बसवली, पण हाड काही जुळेना. गेल्या रविवारी मामेभावाचा फोन आला : "एक दवाखाना स्टेम सेलचं इंजेक्शन देतो म्हणतोय. तुझाच विषय ना हा? देऊ का?" तुम्हालाही घरून असा फोन कधीतरी येईल, म्हणून त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो.

प्राण्यांवरचे प्रयोग खरोखर आशादायक आहेत. १९९८मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी कुत्र्यांच्या मांडीच्या हाडातला २१ मिलिमीटरचा तुकडा काढला. एवढी फट आपोआप भरत नाही. त्यांच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी वाढवून सिरॅमिकच्या नळकांड्यावर लावल्या, तेव्हा ती हाडाने सांधली गेली.

तेव्हा वाटायचं, या पेशी गवंड्यासारखं स्वतः हाड बांधतात. पण पुढे अनेक प्रयोगांत दिसलं की टोचलेल्या बहुतेक पेशी थोड्याच दिवसांत मरून जातात, तरी हाड जुळतं! मग काम कोण करतं?

हिरोशिमाच्या संशोधकांचा २०१६चा प्रयोग मला इथे फार आवडतो. त्यांनी असे उंदीर घेतले, ज्यांच्या शरीरात एक्सोसोम, म्हणजे पेशी बाहेर सोडतात त्या अतिसूक्ष्म पिशव्या, कमी तयार होतात. त्यांचं मोडलेलं हाड उशिरा जुळत होतं. स्टेम सेलचे नुसते एक्सोसोम टोचले, पेशी नाहीतच, आणि ती दिरंगाई भरून निघाली. उलट, एक्सोसोम काढून टाकलेला पेशींचा द्रव टोचला, तर फरक पडला नाही. म्हणजे गवंडी नव्हे, तर गवंड्यांना बोलावणारा निरोप्या. 'मेसेन्कायमल स्टेम सेल' हे नाव रूढ करणाऱ्या अरनॉल्ड कॅप्लन यांनीच २०१७मध्ये ते नाव बदला, अशी मागणी केली, ती याच कारणाने.

पण प्रयोगशाळेतला उंदीर तरुण असतो, निरोगी असतो, आणि त्याचं हाड मुळातच भराभर जुळतं. मामा एकाहत्तरचा, मधुमेही, वर विडी.

म्हणून मामेभावाला तीन गोष्टी विचारायला सांगितल्या. हा उपचार सीटीआरआयवर नोंदलेल्या चाचणीचा भाग आहे का? असेल, तर पैसे का घेताय? आणि प्लेटपाशी जंतुसंसर्ग नाही, हे तपासलंय का?

पहिल्याच प्रश्नावर दवाखान्याने फोन ठेवला. मामा आता कमरेचं हाड घेऊन करायच्या जुन्या बोन ग्राफ्टला तयार झालाय. विडीचं बोलणं अजून चालू आहे.