मर्यादवेलीचं काम

गुहागरच्या पुळणीवर सकाळी लवकर गेलं, तरच मर्यादवेल फुललेली भेटते. जांभळट गुलाबी फुलं दुपारपर्यंत मिटून जातात. पर्यटक येईस्तोवर उरतो पायात अडकणारा हिरवा गुंता. मग हा ‘कचरा’ कुणी काढत कसं नाही, अशी कुरकुर कानावर येतेच.

त्या गुंत्याशेजारी बसून पाहावं. वारा समुद्राकडून वाळूचे कण जमिनीलगत ढकलत आणतो. आपट्यासारख्या दुभंगलेल्या जाड पानांत त्याचा जोर मोडतो आणि कण तिथंच पडतात. वेल गाडली जाते. दुसरं झाड गुदमरलं असतं. हिचा शेंडा वर निघतो आणि गाडलेल्या पेरांना मुळं फुटतात. वर आलेल्या पानांशी पुन्हा वाळू साचते. टेकाड असं वितीवितीनं चढतं. एखादा धुमारा ओढून पाहिला, तर पेरापेराशी अडतो; तुटलाच तर पांढरा चीक येतो. देठ पानाला मिळतो तिथं दोन बारीक ग्रंथी असतात. त्यांतल्या गोड रसासाठी मुंग्यांची सतत ये-जा चालते आणि पानं खाणाऱ्या किड्यांवर आपोआप पहारा बसतो.

बोंडातल्या लवदार बिया समुद्रात महिनोन्महिने तरंगतात. म्हणूनच ही वेल कोकणातली, तशीच ब्राझीलच्या किनाऱ्यावरचीही. पण बीचं कवच टणक, त्यामुळे लागवडीला कांडीच बरी. पावसाच्या तोंडावर तीन-चार पेरांच्या कांड्या कापायच्या, भरतीच्या रेषेच्या वरच्या बाजूला ओल लागेपर्यंत वाळू उकरून दोन पेरं आडवी पुरायची, शेंडा उघडा ठेवायचा. खत नाही, आळं नाही. आमची लावणी बघत जवळच जाळं सांधणारे आजोबा म्हणाले, “गाडीचं चाक तेवढं नको. बाकी हिला काय होत नाय.”

किनारा खचू लागला की आपल्याला आधी दगडी बंधारा सुचतो. त्यावर आपटलेली लाट परतताना पायथ्याची वाळू ओढून नेते. टेकाड उधाणाला थोडी वाळू देऊन टाकतं. पुढे लाटा ती हळूहळू किनाऱ्याला लावतात, वारा वर आणतो आणि वेल धरून ठेवते. किनारा राखायला लावतात त्या सुरूच्या बनाचंही मला फारसं कौतुक नाही. त्याच्या गळलेल्या सुयांच्या थरातून दुसरं काही सहसा वर येत नाही.

आजोबांचं चाकाचं म्हणणं मात्र शब्दशः खरं. मोटारीखाली वेल चिरडली की उघड्या पडलेल्या वाळूला वारा उचलतो, टेकाडाला खिंड पडते आणि उधाणाचं पाणी तिथूनच माडांच्या वाडीत शिरतं.