पोटाची बोलती बंद

भिवंडीत वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा विषय निघाला की ‘पोट कापतात’ एवढंच कानावर येतं. जागा कमी केली, माल कमी मावला, माणूस बारीक झाला. गोदामांच्या या गावाला हा हिशेब लगेच पटतो. पण गोदाम कधी मालकाला फोन करून ‘अजून माल पाठव’ म्हणत नाही. जठर म्हणतं, तेही दिवसातून तीन-चारदा. सगळी गंमत या फोनमध्ये आहे.

आपल्याकडे खूप केली जाणारी स्लीव्ह ही शस्त्रक्रिया बघा. पोटावर चार-पाच छोटी छिद्रं पाडतात आणि आत कार्बन डायऑक्साइड भरून हात चालवायला जागा करतात. तोंडावाटे साधारण 12-13 मिलिमीटर जाडीची नळी जठरात सोडतात. मग या नळीच्या कडेकडेने स्टेपलर वर सरकत जातो. तो दोन्ही बाजूंना टायटॅनियमच्या बारीक पिनांच्या ओळी मारतो आणि मधून कापतो. जठराचा 75 ते 80 टक्के भाग सुटा होतो. तो एका छिद्रातून चक्क ओढून बाहेर काढतात! आत उरते ती केळ्याएवढी नळी.

बाहेर गेलेल्या तुकड्यात जठराचा वरचा घुमट असतो. घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक मुख्यतः तिथेच तयार होतं. ते 1999 मध्ये कोजिमा आणि कांगावा या जपानी संशोधकांनी शोधलं. म्हणजे जागा तर गेलीच, पण भुकेची हाक मारणाराही गेला. निदान सुरुवातीचे काही महिने तरी अनेकांना जेवायची आठवण करून द्यावी लागते.

आणखी मजा म्हणजे स्लीव्ह ही मुळात अर्धीच शस्त्रक्रिया होती. अतिवजनदार रुग्णांना डुओडेनल स्विच ही मोठी शस्त्रक्रिया एका दमात झेपत नसे. म्हणून न्यूयॉर्कमध्ये मिशेल गॅग्नर यांनी 2000 च्या सुमारास ती दोन टप्प्यांत करायला घेतली: आधी जठर, मग आतडं. पहिल्या टप्प्यानंतरच काहींचं वजन इतकं उतरलं की दुसऱ्याची गरजच उरली नाही.

बायपास या दुसऱ्या शस्त्रक्रियेची गोष्ट आणखी जुनी आहे. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्यांचं वजन पुन्हा वाढत नाही, हे अमेरिकेतल्या आयोवाच्या एडवर्ड मेसन यांच्या लक्षात आलं आणि 1966 मध्ये त्यांनी हाच मार्ग लठ्ठपणासाठी वापरला. आजच्या पद्धतीत जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम 30 मिलीची पिशवी ठेवतात आणि लहान आतडं कापून त्याचं खालचं टोक वर आणून तिला जोडतात. उरलेलं जठर आतच राहतं, रस तयार करत राहतं, पण अन्नाचा कण त्याला पुन्हा दिसत नाही. अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोचतं, तिथल्या पेशी जीएलपी-1 हे संप्रेरक भरभरून सोडतात आणि अनेक मधुमेहींची साखर काही दिवसांतच खाली येते. वजन अजून फारसं हललेलंही नसतं! शल्यविशारद वॉल्टर पोरीज यांनी 1995 मध्ये हे मांडलं तेव्हा शोधनिबंधाच्या शीर्षकातच त्यांचं आश्चर्य उमटलं होतं. हल्ली ज्या इंजेक्शनांचा बोलबाला आहे, ती या जीएलपी-1 चीच नक्कल करतात.

मग यातलं बरं काय? फिनलंडमध्ये 240 रुग्णांवर दोन्हींची तुलना झाली. दहा वर्षांनी स्लीव्हवाल्यांचं जास्तीचं वजन सुमारे 43.5 टक्के, तर बायपासवाल्यांचं 51.9 टक्के घटलेलं होतं. वजनापुरता फरक आहे, पण डोळे दिपवणारा नाही. अन्ननलिकेला सूज मात्र स्लीव्हनंतर 31 टक्के जणांना आढळली, बायपासनंतर 7 टक्के. म्हणून ज्याला आधीच छातीत जळजळ होते, त्याने स्लीव्हचा हट्ट धरू नये असं माझं मत. बायपासलाही मोल आहेच: लोह, बी-12, कॅल्शियमच्या गोळ्या जन्मभर. शिवाय पेढा खाल्ला की घाम, धडधड, गरगर. मिनी बायपासमध्ये दोनऐवजी एकच जोड, त्यामुळे काम सुटसुटीत. पण फ्रान्समधल्या तुलनेत वजन बायपासइतकंच घटूनही जुलाब आणि कुपोषणाच्या तक्रारी जास्त निघाल्या. वरणभातावर जगणाऱ्याने हे नीट विचारून घ्यावं. जठराला पट्टा बांधायची पद्धत आता जवळपास मागे पडली आहे.

या सगळ्याला मर्यादा आहेत. इजिप्तच्या इमान अहमदला फेब्रुवारी 2017 मध्ये मालवाहू विमानाने मुंबईत आणलं, सैफी रुग्णालयात क्रेनने वर चढवलं. वजन सुमारे 500 किलो सांगितलं जात होतं. 7 मार्चला तिच्यावर स्लीव्ह झाली, वजन भराभर उतरलं. तपासणीत लेप्टिनशी निगडित जनुकात दोष सापडल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. लेप्टिन म्हणजे चरबीने मेंदूला दिलेला ‘पुरे’चा निरोप. त्यातच गडबड असेल, तर नुसतं पोट कापून किती भागणार? पुढे ती अबुधाबीला गेली आणि सप्टेंबरमध्ये तिथेच वारली.

आणि आपल्यासाठी काटा वेगळा लागतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो 2004 मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, 22.3. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2 टक्के! बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरातही चरबी दडलेली असते. म्हणूनच 2022 च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत शस्त्रक्रियेचा उंबरठा सर्वसाधारणपणे 35 बीएमआय असला, तरी आशियाई लोकांसाठी तो 27.5 वर आणला आहे. हा आकडा ऐकून दचकणारे आपल्या ओळखीत बरेच निघतील.