अडुसष्ट लिंगांची फेरी

जानेवारीचा दुसरा आठवडा जवळ आला की चिंचोळी एमआयडीसीत एक बोलणे हमखास कानावर येते. ‘माझी सेकंड शिफ्ट तू कर, मला अक्षतेला जायचंय.’ पुणे रस्त्यालगतच्या या वसाहतीत सूत, टॉवेल, रसायने, औषधांचा कच्चा माल, गाड्यांचे कॅमशाफ्ट असे काय काय तयार होते. मशीनवर उभा असलेला माणूस मात्र त्या आठवड्यात मनाने सोलापुरात, सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी पोचलेला असतो.

बाहेरगावच्या माणसाला हे सोलापूर सहसा भेटत नाही. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट यांपैकी कुठेतरी जायचे म्हणून तो इथे उतरतो. वेळ उरला तर तळ्यातले मंदिर, शेजारचा भुईकोट किल्ला बघतो, एखादी चादर घेतो आणि पुढची गाडी धरतो. त्यात त्याची चूक नाही. सोलापूरचे देवस्थान एका गाभाऱ्यात मावणारे नाही, हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते.

बाराव्या शतकात सिद्धरामांनी, म्हणजेच सिद्धेश्वरांनी, या गावाची घडण केली. ते श्रीशैलच्या मल्लिकार्जुनाचे भक्त, कन्नड वचनकार आणि बसवेश्वरांचे समकालीन. कल्याणच्या अनुभव मंटपातल्या, म्हणजे शरणांच्या धर्मसभेतल्या, शून्यपीठ या अध्यक्षासनावर अल्लमप्रभू आणि चन्नबसवण्णा यांच्यानंतर तेच बसले. एवढा अधिकार असलेल्या या योग्याने आधी तळे खोदले, हे मला फार मोलाचे वाटते. अल्लमप्रभू त्यांना भेटायला आले तेव्हाही तळ्याचेच काम चालू होते, असे परंपरा सांगते. कोरड्या मुलखात पाणी साठवायचे आणि त्या पाण्याभोवती देव मांडायचे, असा हा क्रम होता. पंचक्रोशीत त्यांनी अडुसष्ट लिंगे स्थापली. अष्टविनायक आणि अष्टभैरवही त्यांच्याच मांडणीतले मानतात. अशा रीतीने सारे गावच देवस्थान झाले. आज या लिंगांच्या अवतीभवती घरे, दुकाने, रहदारी दाटली आहे.

ही मांडणी डोळ्यांना दिसते ती मकरसंक्रांतीच्या यात्रेत. सोलापूरकरांची ही गड्डा यात्रा. उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यातून सात नंदीध्वज निघतात. दुमजली घराच्याही वर जाणाऱ्या या काठ्या, त्यांचे मान वेगवेगळ्या समाजांकडे. पांढरी बाराबंदी घातलेले मानकरी त्या पेलतात आणि त्यासाठीचा सराव कितीतरी आधीपासून चालतो. संक्रांत 14 तारखेला असली तर 12 जानेवारीला यण्णीमज्जन, म्हणजे नंदीध्वजांची मिरवणूक फिरत अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक. 1931 साली याच तारखेला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या सोलापूरच्या चार स्वातंत्र्यसैनिकांना येरवड्यात फाशी दिली गेली. हुतात्म्यांचे स्मरण आणि देवाचा तैलाभिषेक एकाच दिवशी करणारे हे शहर आहे.

भोगीला संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. सिद्धरामांच्या अंगणात रोज सडा-रांगोळी करणाऱ्या कुंभारकन्येने त्यांच्याशीच लग्नाचा हट्ट धरला. योग्याला संसार नाही, म्हणून त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचा विवाह लावून दिला. तो विवाह दरवर्षी नव्याने लागतो. संमती वाचली जाते, ‘दिड्डम्, दिड्डम्’ असा घोष उठतो आणि अक्षतांच्या वर्षावात ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ची आरोळी घुमते. तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू बोलणाऱ्या या गावात त्या क्षणी कोणाची मातृभाषा कोणती हे ओळखता येत नाही. संक्रांतीला होम मैदानावर होमविधी होतो. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढे धान्य ठेवून त्याच्या वागण्यावरून पाऊसपाण्याची भाकणूक ऐकतात. मग शोभेच्या दारूची रात्र, आणि शेवटी कप्पडकळ्ळी, म्हणजे नंदीध्वजांची वस्त्रे उतरवण्याचा विधी.

जपानमधले क्योटो मला इथे आठवते. देवळे बघायला जग तिकडे लोटते, पण त्या शहराचा प्राण जुलैतल्या गिओन उत्सवात आहे. 869 साली रोगराई पसरली, तेव्हा तिच्या शांतीसाठी देशातल्या प्रांतांच्या संख्येइतके 66 भाले उभे केले गेले, अशी त्याची कथा. पुढे त्यांतून उंच रथ घडले. एकेक रथ एकेका मोहल्ल्याचा; तो बांधायचा, सजवायचा आणि मिरवायचा हे त्या मोहल्ल्याचेच काम. क्योटो विणकरांचे शहर, सोलापूरही विणकरांचे. तिथे भाले, इथे काठ्या. दोन्हीकडे पिढ्यानपिढ्या मान सांभाळणाऱ्या माणसांनीच हे टिकवले.

फरक पडतो तो पाहुण्याला वाट दाखवण्यात. क्योटोला गेलेल्याला कुठून सुरुवात करावी हे विचारावे लागत नाही. सोलापूर स्टेशनवर उतरणाऱ्याच्या हातातही अडुसष्ट लिंगांचा नकाशा पडायला हवा, प्रत्येक लिंगापाशी मराठी-कन्नड पाटी हवी आणि हा मार्ग वर्षभर चालता यायला हवा. कारखान्यांतून घडणारे सोलापूर जगात जाते. चालत बघायचे सोलापूर जगाला इथे बोलावू शकेल.

तोवर ज्याला एकच दिवस काढता येईल त्याला माझे सांगणे, यण्णीमज्जनाचा दिवस निवडा. अक्षतेची गर्दी थरारक खरी, पण तिथे आपण एका जागी उभे असतो. नंदीध्वजांच्या मागे निघालात तर सिद्धरामांनी आखलेले गाव पायांखालून जाते.