गाडीचे वय आणि गाडीची अवस्था

दिल्लीतल्या कोपर्निकस मार्गावर जुने महाराष्ट्र सदन आहे. त्याच रस्त्यावरच्या फरीदकोट हाउसमध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे मुख्य पीठ बसते. ७ एप्रिल २०१५ रोजी या न्यायाधिकरणाने दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांना दिल्ली आणि राजधानी परिसरात धावण्यास मनाई केली, आणि २०१८च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने तोच नियम कायम ठेवला. बोलेरो, थार, सुमो अशा गाड्यांच्या मालकांना हा नियम फार जड गेला. पहिल्या पिढीची थार तर २०१० ते २०२० या काळात फक्त डिझेलवरच विकली गेली. भक्कम चासीवर बांधलेल्या या गाड्या लोक वीस वर्षे वापरायच्या हिशेबानेच घेतात. नीट राखलेली गाडी केवळ वय झाले म्हणून भंगारात का काढायची, हा त्यांचा सवाल रास्त आहे. मात्र गाडी नीट राखली आहे हे ठरवायचे कशावरून, याचे उत्तरही त्यांनीच द्यायला हवे. वय आरसी बुकात लिहिलेले असते. अवस्था कुठेच लिहिलेली नसते. जे लिहिलेले आहे तेच कायदा मोजतो. म्हणून वयाच्या नियमाला खरे उत्तर द्यायचे असेल तर गाडीची अवस्था राखावी लागेल आणि ती दाखवताही यावी लागेल.

आपल्याकडे गाडी राखणे म्हणजे ती धुणे, पुसणे आणि वेळेवर ऑइल बदलणे. खडबडीत रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला एवढे पुरत नाही. चुकीचे धुणे तर नुकसानच करते. सर्व्हिसिंग सेंटरवरचा जोरदार फवारा बेअरिंगच्या सीलवर, अल्टरनेटरवर किंवा वायरिंगच्या जोडांवर जवळून मारला तर पाणी नको तिथे शिरते. रेडिएटरच्या नाजूक पात्या त्याच फवाऱ्याने वाकतात. धुण्याची खरी गरज असते ती खाली, चासीच्या पोकळ भागात साठलेल्या चिखलाला. तिथली पाणी निघून जायची भोके बुजली की ओल महिनोन्महिने राहते आणि पत्रा आतून कुजतो. कोकणातल्या खाऱ्या हवेत हे अधिकच वेगाने होते. गंजू नये म्हणून खालून जळके ऑइल फासण्याची पद्धत गावोगाव दिसते. ती सोडलेली बरी. त्या ऑइलने रबरी बुश फुगून मऊ पडतात, आणि रस्त्यावर ठिबकलेले ऑइल पावसाबरोबर शेतात आणि विहिरीत जाते.

इंजिनाचा सगळ्यात मोठा शत्रू धूळ. एअर फिल्टर आणि इंजिन यांच्यामधल्या रबरी पाइपची क्लिप सैल असेल तर धूळ फिल्टरला वळसा घालून आत जाते. तिच्यातले वाळूचे कण रिंगा आणि लायनर घासतात, टर्बोच्या पात्या खातात. मग ऑइल जळू लागते आणि सायलेन्सरमधून धूर येतो. फिल्टर बदलल्याची पावती असते, पण क्लिप तपासली का, हे कोणी विचारत नाही. डिफरन्शियलच्या ब्रीदरकडे तर याहूनही कमी लक्ष जाते. लांबून चालून आलेल्या गाडीचे मागचे हाउसिंग तापलेले असते. ते ओढ्याच्या गार पाण्यात उतरले की आतली हवा एकदम आकसते. ब्रीदरची छोटी नळी चिखलाने बुजलेली असेल तर हाउसिंग सीलमधूनच पाणी ओढून घेते. आतले ऑइल दुधाळ होते, त्याचा चिकटपणा जातो आणि गिअरचे दात बिनबोभाट झिजू लागतात. वरून गाडी चकचकीत असते, आवाज येईपर्यंत कळत नाही. पाण्यातून गेल्यावर डिफचा प्लग सैल करून ऑइलचा रंग पाहणे, प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसमध्ये जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरणे आणि डिझेलच्या वॉटर सेपरेटरमधले पाणी सोडणे ही अर्ध्या तासाची कामे आहेत.

ब्रेकची गोष्ट जिवाची आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट-३ प्रतीच्या कोऱ्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शिरल्यावरची मान्य किमान मर्यादा १४० अंश आहे. माळशेज किंवा आंबोलीचा उतार भरल्या गाडीने उतरताना ब्रेक सतत दाबलेले राहिले की अशा जुन्या ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होऊ शकतात, आणि पेडल खाली जाते. दर दोन वर्षांनी ते बदलण्याचा खर्च एका टायरच्या किमतीपेक्षा पुष्कळ कमी आहे. फोर-बाय-फोर असेल तर महिन्यातून एकदा माती-खडीच्या रस्त्यावर ती जोडून थोडी सरळ चालवावी, म्हणजे पुढच्या डिफला ऑइल मिळते आणि जोडणी अडकत नाही. कोरड्या डांबरावर मात्र नको. बहुतेक अशा गाड्यांत पुढच्या-मागच्या चाकांमधला वेगातला फरक सोसणारी सोय नसते.

कंपनीची सर्व्हिस वेळेवर होते, मग हे कशाला, असे कोणी म्हणेल. पण ते वेळापत्रक साधारण वापराचे असते. मालकाच्या पुस्तिकेत धूळ, चिखल, जड ओझे आणि लहान फेऱ्या यांसाठी वेगळे, जवळच्या अंतराचे वेळापत्रक दिलेले असते. ते पान क्वचितच उघडले जाते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कितीही राखली तरी जुनी डिझेल गाडी बीएस-६ या उत्सर्जन मानकाची होणार नाही. हे खरे आहे आणि मान्यच केले पाहिजे. इंजिनाच्या रचनेतली मर्यादा ग्रीसने ओलांडता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये केवळ वयावरून कारवाई न करण्याचे आदेश दिले, पण डिसेंबरात ते संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतेच ठेवले. हे मला योग्य वाटते. पण याचा उलटा अर्थही ध्यानात घ्यावा. दुर्लक्षित नवी गाडीही स्वच्छ राहत नाही. बीएस-६ गाडीतला काजळी अडवणारा फिल्टर गावातल्या गावात फिरून तुंबतो. तो साफ व्हायला सुमारे ६०० अंशांची उष्णता लागते. अनेकजण लांबवर गाडी चालवून तो मोकळा करण्याऐवजी काढूनच टाकतात. तशी गाडी वयाने दोन वर्षांची आणि धुराने वीस वर्षांची होते. पीयूसी चाचणीवर फार विसंबता येत नाही: तिच्यात डिझेल गाडी जागेवर उभी करून, रेस देऊन फक्त धुराचा दाटपणा मोजतात. नायट्रोजन ऑक्साइडचा पत्ताच लागत नाही.

महाराष्ट्रात दिल्लीसारखी वयाची सरसकट मर्यादा नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी तपासणी करून वाढवता येते. ही मोकळीक टिकवायची असेल तर गाडीच्या कप्प्यात एक वही ठेवा. प्रत्येक ऑइल, फिल्टर आणि ब्रेकच्या कामाची तारीख, किलोमीटर आणि पावती तिच्यात लावा. पुस्तिकेतले जड वापराचे पान आजच उघडा, आणि पुढच्या सर्व्हिसला फोरमनला गाडी लिफ्टवर घ्यायला सांगून खालची बाजू स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्या.