तापल्या मातीतील पाठराखिणी

माळव्याच्या रात्रींची ख्याती जुनी आहे. बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र, असे म्हणण्याची आपल्या प्रांती रीतच पडून गेली आहे. परंतु ह्याच माळव्यातील वैशाखाच्या दुपारचे कोणी गुण गायिल्याचे आमच्या ऐकिवात नाही. हवेचा पारा ४० अंशांच्या वर चढतो. नांगरून उघडी पडलेली काळी जमीन तर हवेहूनही अधिक तापते. तिचा वरचा थर ५० अंशांच्या पुढे जाऊ शकतो. अशा वेळी माणसे घरात शिरतात, गुरे झाडाखाली उभी राहतात. मातीतल्या जीवाणूंना मात्र पळायला पाय नाहीत आणि शिरायला घर नाही. चिमूटभर मातीत कोट्यवधींच्या संख्येने राहणारे हे जीव उन्हाळा काढतात तरी कसे?

प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण आपल्या ताटातील अन्नाशी त्याचा जवळचा संबंध आहे. आणि इंदूरला तर तो नवाही नाही. १९२४ साली येथे वनस्पती-उद्योग संस्था स्थापन झाली आणि अल्बर्ट हॉवर्ड ह्यांनी तिची धुरा घेतली. काडीकचरा व शेण ह्यांपासून खत करण्याची जी पद्धत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते, ती येथलीच. १९३१ साली तिच्यावर जो ग्रंथ निघाला, त्यावर हॉवर्ड ह्यांच्या जोडीने यशवंत वाड ह्यांचे नाव आहे. ह्या खताचा ढीग ६५ अंशांच्या आसपास तापतो. ती उष्णता बाहेरून आलेली नसते. काडीकचरा खाणारे सूक्ष्म जीवच ती निर्माण करतात. जसजसा ढीग तापतो तसतसे थंडाव्यातले जीवाणू मागे पडतात आणि उष्णता मानवणारे पुढे येतात. शेतातल्या सामान्य जीवाणूचे मात्र तसे नाही. त्याला २५ ते ३० अंशांची ऊब प्रिय. त्याची कसोटी लागते ती वैशाखातच.

उष्णतेने त्याचे नेमके काय बिघडते? पेशीतील बहुतेक कामे प्रथिने करतात. प्रथिन म्हणजे एक लांबलचक साखळी. ती ठरावीक घडी घालून बसली तरच कामाची. उष्णता वाढली की घडी विसकटते आणि विसकटलेली प्रथिने एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा होतो. अंडे उकडल्यावर पांढरे व घट्ट होते, तो हाच प्रकार. अंड्याचा बलक पुन्हा पातळ होत नाही. जीवाणूला मात्र तसा गोळा होऊ देऊन चालत नाही.

ह्यावर निसर्गाने काढलेला तोडगा माणसाच्या ध्यानात आला तो योगायोगानेच. १९६०च्या सुमारास इटलीत फेरुच्चो रितोसा हे फळमाशीच्या गुणसूत्रांचा अभ्यास करीत होते. माश्यांच्या उबवणपेटीचे तापमान सहकाऱ्याच्या हातून चुकून वाढले गेले आणि गुणसूत्रांवर नव्याच जागी फुगवटे उठलेले त्यांना दिसले. उष्णता लागताच काही जनुके एकाएकी जागी झाली होती. हा शोध १९६२ साली प्रसिद्ध झाला. त्या जनुकांपासून बनणारी प्रथिने १९७४ साली हाती लागली व ‘उष्माघात-प्रथिने’ ह्या नावाने रूढ झाली. पुढे दिसून आले की जीवाणूंपासून मनुष्यापर्यंत ही व्यवस्था सर्वत्र आहे.

ह्यांपैकी अनेक प्रथिनांचे काम म्हणजे दुसऱ्या प्रथिनांची सोबत करणे. नववधूबरोबर सासरी पाठराखीण जाते, तिला सांभाळते, नको त्या घोळक्यात अडकू देत नाही, तसेच हे. नवी साखळी नीट घडी घालून बसेपर्यंत ती तिला आधार देते, आणि विसकटलेली साखळी पुन्हा सावरते. आम्हीही त्यांना पाठराखिणीच म्हणू.

आता कोणी म्हणेल, मग ह्या पाठराखिणी बारा महिने भरपूर करून का ठेवू नयेत? कारण प्रथिन घडवायला शिधा लागतो, आणि मातीतल्या जीवाणूच्या नशिबी बहुधा उपासच. म्हणून गरज पडेल तेव्हाच ती जनुके उघडायची आणि एरवी मिटून ठेवायची, हेच शहाणपण. परंतु गरज पडली हे त्याला कळते कसे?

आपल्या मातीत सर्रास आढळणाऱ्या ‘बॅसिलस सब्टिलिस’ ह्या जीवाणूची युक्ती मोठी मार्मिक आहे. पाठराखिणींच्या जनुकांवर एक पहारेकरी प्रथिन बसलेले असते; ते जनुकांना कुलूप घालते. पण ह्या पहारेकऱ्याला स्वतःच्या घडीसाठी पाठराखिणीचाच हात लागतो. पेशीत सगळे सुरळीत असेल तेव्हा पाठराखिणी मोकळ्या असतात, पहारेकरी धड असतो आणि कुलूप बंद राहते. ऊन वाढले, शेकडो प्रथिने विसकटली, की पाठराखिणी तिकडे गुंततात. पहारेकऱ्याकडे पाहायला कोणी उरत नाही. तो ढेपाळतो आणि कुलूप निघते. नव्या पाठराखिणी तयार होतात, काम उरकते, मोकळ्या झालेल्या हातांनी पहारेकरी सावरला जातो आणि कुलूप पुन्हा लागते. म्हणजे येथे जीवाणू ऊन मोजीत नाही. घरात काम किती पडले आहे ते मोजतो. ह्याखेरीज अगदीच निभाव लागेना, अन्न संपले, तर बॅसिलस बीजाणू होऊन स्वस्थ पडून राहतो. हे बीजाणू उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत, हे फर्डिनंड कोन ह्यांनी १८७६ सालीच दाखविले होते.

सोयाबीनच्या मुळांवर गाठी करणाऱ्या ‘ब्रॅडिरायझोबियम’ला मात्र बीजाणू होण्याची विद्या नाही. हा जीवाणू हवेतला नत्र पिकाला मिळवून देतो. मोबदल्यात पिकाकडून साखर घेतो. माळव्यात १९७० नंतर सोयाबीनने खरिपाची राने व्यापली आणि १९८७ साली इंदूरात त्याच्या संशोधनासाठी स्वतंत्र केंद्र उभे राहिले. तेव्हा हा आपला घरचाच पाहुणा म्हणावयाचा. त्याच्या एका वाणाचा जनुकसंच २००२ साली जपानी संशोधकांनी पूर्णपणे वाचला. तो सुमारे ९१ लक्ष अक्षरांचा भरला. आपल्या आतड्यातील प्रसिद्ध ‘ई. कोलाय’च्या जवळजवळ दुप्पट.

ह्याच्यापाशी वर सांगितलेला पहारेकरी आहेच, शिवाय एक खराखुरा तापमापक आहे. जनुकातील मजकुराची आधी एक नक्कल उतरते, आर. एन. ए.ची, आणि ती वाचून प्रथिन घडते. काही उष्माघात-प्रथिनांच्या नकलेचा आरंभीचा भाग स्वतःवरच दुमडलेला असतो आणि ‘येथून वाचा’ ही खूण त्या दुमडीत झाकून जाते. ऊन वाढले की दुमड सुटते, खूण उघडी पडते आणि वाचन सुरू होते. चिकटवलेले पाकीट वाफेवर धरले म्हणजे उघडते, तशातला हा प्रकार. फरक इतकाच, की गारवा येताच ही दुमड आपोआप पुन्हा मिटू शकते. झुरिच येथे फ्रान्झ नारबरहाउस व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे रहस्य १९९८ ते २००१ ह्या काळात उलगडले. ह्या भागाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळून ‘रोज’, म्हणजे गुलाब, असा शब्द होतो. पाकळी उघडावी तशी उघडणाऱ्या वस्तूला नावही समर्पक लाभले.

आणखी एक गोष्ट १९९३ साली आढळली. ह्या जीवाणूत एकाच जातीच्या पाठराखिणींच्या जनुकांचे अनेक संच आहेत. त्यांपैकी एक संच उन्हाने जागा होत नाही. तो जागा होतो नत्र मिळविणाऱ्या जनुकांबरोबर. अर्थात पाठराखीण ही संकटकाळापुरतीच नव्हे. गाठीतील नित्याच्या उद्योगातही तिला काम आहे.

मात्र ह्या सर्व व्यवस्थेला मर्यादा आहे. नवी प्रथिने घडवायला पाणी, अन्न आणि अवधी हवा. ऊन हळूहळू वाढले तर जीवाणू सावरतो, आधीच्या सौम्य उष्णतेने पुढच्या कडक उष्णतेसाठी तयारही होतो. एकदम भाजला तर मरतो. बियाण्याला लावण्यासाठी आणलेले जीवाणू-खताचे पाकीट दुचाकीच्या पेटीत दुपारभर तापले, तर आतला ‘रोज’ उमलूनही उपयोग नाही. पाकीट न फाटता मालच मेलेला असतो, आणि शेतकऱ्याला ते कळते पिकाची मुळे उपटून गाठी मोजताना, हंगाम हातचा गेल्यावर.

म्हणून जाणती माणसे जे सांगत आली, त्याला आता शास्त्राचा दाखला मिळाला आहे. पाकीट गारव्यात ठेवावे, गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला सावलीतच चोळावे, सावलीतच सुकवावे आणि ओल पाहून लागलीच पेरावे. रानावर काडीकचऱ्याचे आच्छादन राहिले तर खालची माती निवते आणि ओल टिकते. जीवाणू आपल्या परीने झुंजतच असतो. त्याला थोडी सावली देणे एवढेच आपल्या हाती आहे, आणि ते फारसे महाग नाही.