ब्रूनोला विचारलंत का?

ग्रुपवर एक रील पडते. कॅनडातलं कुठलं तरी निळंशार तळं, लाकडी कनू, पुढच्या टोकाला ऐटीत बसलेला लॅब्रॅडॉर, मागे गळ टाकून बसलेला त्याचा मालक, किनाऱ्यावर तंबू. खाली मेसेज येतो, 'आपण कधी?' मग फडके रोडवर कटिंग पिता पिता नाहीतर तलावपाळीला चक्कर मारता मारता वीकेंड ठरतो. शनिवार-रविवार, एक तंबू, भाड्याची कयाक, ऑनलाइन मागवलेला गळ आणि अर्थातच ब्रूनो.

सगळ्यांचे अंगठे वर येतात. ब्रूनोला मात्र कुणी विचारत नाही. तो बिचारा गाडीचं दार उघडलं की उडी मारून आत बसतो, त्यालाच आपण होकार समजतो.

खरं तर हा अख्खा प्लॅन त्याच्यापासून सुरू व्हायला हवा. तंबू, होडी, मासेमारी या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या जमतात. कुत्रा सोबत आला की तिन्हींचे नियम बदलतात आणि चूक झाली तर पहिली किंमत तोच मोजतो.

आधी पाण्याचं बघू. रीलमध्ये दिसत नाही, पण ऑन्टारिओतल्या ॲल्गॉन्क्विनसारख्या पार्कातही कनू घेऊन मुक्कामाला जायचं तर आधी परमिट काढावं लागतं आणि कुत्रा दोन मीटरच्या दोरीलाच ठेवावा लागतो. आपल्याकडे तर नकाशावर जे जे निळं दिसतं, ते बहुतेक कुणाच्या तरी नळाचं पाणी असतं. बदलापूरजवळचं बारवी धरण एमआयडीसीचं. शहापूरकडचे तानसा आणि भातसा हे मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी, त्यात तानसा तर १८९२ पासूनचा. तानसाच्या भोवती अभयारण्यही आहे. घरामागची ठाणे खाडी म्हणाल, तर तिचा मोठा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ. अशा ठिकाणी 'कोण बघतंय' म्हणत होडी उतरवायची नाही, आणि अभयारण्यात कुत्रा आणि गळ दोन्ही न्यायचे नाहीत. आपलं कुत्रं घरी कितीही गुणी असलं तरी डिस्टेंपरसारखा आजार रानातल्या कोल्ह्यांपर्यंत पोचवू शकतं.

मग राहतं काय? बरंच राहतं. पवनेच्या काठी तंबूंची गावंच्या गावं वसलीत. गर्दी आणि स्पीकर चालत असतील तर जा. कुत्र्याला चालत नाहीत. नुसती कयाक शिकायची तर रायगडातलं कोलाड बरं. कुंडलिकेला वीजप्रकल्पातून पाणी सोडलं जातं, म्हणून तिथे पावसाळा संपल्यावरही पाणी असतं. मात्र तेच पाणी सोडल्यावर नदी एकदम वाढते, त्यामुळे आयोजकाला वेळ विचारल्याशिवाय काठावर कुत्रा मोकळा सोडायचा नाही. आणि कसारा घाट चढून इगतपुरी-घोटीवरून गेलं की भंडारदरा. प्रवरेवरचं विल्सन धरण १९२६ साली पुरं झालं, त्याच्या फुगवट्याच्या काठाने गावकऱ्यांच्या खासगी जागेत तंबू लागतात. वरच्या अंगाला कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, तेव्हा आपली जागा नेमकी कुठे येते ते आधी विचारून घ्यायचं.

फोनवर बुकिंग करताना सगळे विचारतात, 'बार्बेक्यू आहे का?' विचारायला हवं ते वेगळंच. कुत्रा चालेल का? गावातली कुत्री तंबूपर्यंत येतात का? कयाक तुमची की दुसऱ्या कुणाची, आणि त्यांची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का? राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ साली आलं, त्यात ही नोंदणी सांगितलेली आहे. शेवटचा प्रश्न, इथला मासेमारीचा ठेका कुणाकडे आहे? या प्रश्नावर समोरचा गप्प झाला, तर गळ घरीच ठेवा.

रात्रीचा पाहुणा

भंडारदरा अकोले तालुक्यात येतं. याच अकोले परिसरात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून तो काय खातो याचा अभ्यास केला होता. शेळ्या-मेंढ्या सगळ्यात जास्त निघतील असं कुणालाही वाटेल. निघाली कुत्री. वजनाच्या हिशोबाने बिबट्याच्या खाण्यात जवळपास ३९ टक्के वाटा पाळीव-भटक्या कुत्र्यांचा होता. शेजारच्या जुन्नरची गोष्टही काही वेगळी नाही.

घाबरवायला हे सांगत नाही, गावातली माणसं बिबट्यासोबत राहतातच. पण रात्री तंबूबाहेर खुंटीला बांधलेला ब्रूनो म्हणजे ताट वाढून ठेवल्यासारखं आहे. तो तंबूच्या आत, तुमच्या पायाशी झोपला पाहिजे. म्हणजे दोघांचा तंबू 'दोघांना पुरतो' हे विसरा, तिघांचा घ्या. रात्री त्याला सू करायला न्यायचं तर दोघांनी, टॉर्च लावून, दोरी हातात घट्ट धरून. उरलेलं चिकन, हाडं तंबूच्या आसपास टाकायची नाहीत, त्यावर आधी गावची कुत्री येतात आणि त्यांच्या मागावर दुसरं कुणीतरी. जो कुत्रा घराबाहेर एक रात्रही झोपलेला नाही, त्याला पहिल्यांदा थेट इथे आणू नका. आधी गच्चीवर तंबू ठोका. सोसायटीचे काका काय म्हणायचं ते म्हणतील.

होडीचा धडा दिवाणखान्यात

कयाकमध्ये माणूस बहुतेक पाय पसरून बसतो आणि दोन पात्यांचं वल्हं मारतो. कनू वरून उघडी, एका पात्याच्या वल्ह्याची, आपल्या कोळीवाड्यातल्या छोट्या होडीची लांबची बहीण. कुत्र्यासाठी उघडी, रुंद होडी बरी. आपल्याकडे भाड्याने मिळते ती बहुतेक दोन सीटची प्लास्टिकची कयाक. हवा भरायची कयाक असेल तर ब्रूनोची नखं आधी कापून घ्या आणि बुडाशी जाड चटई टाका. गुळगुळीत प्लास्टिकवर त्याचे पाय घसरतात, तो घाबरून एका कडेला सरकतो, आणि एका कडेला सरकलेला तीस किलोचा लॅब म्हणजे उलटलेली होडी.

तीच चटई पंधरा दिवस आधी दिवाणखान्यात अंथरा. चटईवर बसलास तर बिस्किट, उठलास तर काही नाही. मग चटईशेजारी झाडूच्या दांड्याने वल्हवायची नक्कल करा. शेजारी हसतील, पण कुत्र्याला तोंडासमोरून सारखी फिरणारी काठी आधी ओळखीची झालेली बरी. मग किनाऱ्यावर, कोरड्यात ठेवलेल्या होडीत बसवा. मग घोटाभर पाण्यात. तो स्वतःहून चढला तरच पुढे. उचलून बसवावा लागत असेल तर त्याचं उत्तर मिळालं, त्या दिवशी आळीपाळीने एकाने काठावर त्याच्यासोबत थांबायचं.

'कुत्र्यांना पोहता येतंच' या वाक्यावर विसंबू नका. पग, बुलडॉगसारखी चपट्या नाकाची कुत्री पाण्यात लवकर दमतात आणि चांगला पोहणाराही काठ लांब असला की थकतो. त्याला पाठीवर मूठ असलेलं लाइफ जॅकेट हवं, त्या मुठीला धरूनच त्याला वर ओढता येतं. दोरीचं दुसरं टोक होडीला कधीच बांधायचं नाही. होडी उलटली की बांधलेला कुत्रा तिच्याखाली जातो. आणि माणसांनीही जॅकेट घालायचंय, फोटोपुरतं नाही. मोठ्या जलाशयावर दुपारनंतर वारा धरतो, लाटा उठतात. म्हणून सकाळी लवकर निघा, काठ धरून फिरा, नाश्त्याला परत या.

आता गळ. धरणातल्या मासेमारीचे हक्क ठेक्याने दिले जातात, बहुतेक मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना. त्या पाण्यातल्या कटला-रोहूचं बीज कुणीतरी पैसे घालून सोडलेलं असतं. तुमची हौस कुणाच्या तरी हंगामातून जाते, तेव्हा विचारून, हवं तर पैसे देऊन टाका. पाण्यावर ओळीत तरंगणाऱ्या बाटल्या दिसल्या की खाली जाळं आहे, तिकडे होडी नेऊ नका. काही डोहांत तर विचारायचंही नाही. वाडा तालुक्यात तिळसे इथे वैतरणेच्या डोहातले मासे देवाचे, त्यांना कुणी हात लावत नाही. गळाचं तंत्र शिकायचं असेल तर पवई तलावावरची महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन जुनी आहे. पवईत मगरी आहेत, त्यामुळे तिथे ब्रूनो नको. महाडची सावित्री आणि चिपळूणची वाशिष्ठी याही मगरींच्याच.

गळ आणि कुत्रा ही जोडी मला सगळ्यात धोक्याची वाटते. आमिष म्हणून लावलेला कणकेचा गोळा किंवा कोंबडीचा तुकडा माशाआधी ब्रूनोला आवडतो. तो गोळ्यासकट गळही गिळतो. असं झालं तर दोरा ओढायचा नाही, आतलं फाटतं. दोरा थोडा लांब ठेवून कापायचा आणि थेट डॉक्टर गाठायचा, आणि तो डॉक्टर भंडारदऱ्यात नाही तर दोन-तीन तासांवर असेल असं धरून चाला. म्हणून गळ टाकताना ब्रूनो होडीत नको, काठावर, दुसऱ्याच्या ताब्यात. गळाची उलटी दाढ पक्कडीने दाबून टाका, आमिष झाकणाच्या डब्यात ठेवा, तुटलेल्या दोऱ्याचा प्रत्येक तुकडा खिशात.

माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला फक्त तंबू आणि कुत्रा. दुसऱ्या खेपेला होडी. गळ तिसऱ्या खेपेला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी यात तिन्ही खेपा बसतात. एप्रिल-मेमध्ये पाणी उतरून काठाला चिखल होतो, कुत्रा पोटापर्यंत रुततो, शिवाय उष्माघाताची भीती. पावसाळ्यात तर नकोच. ३० जून २०२४ ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण काही मिनिटांत वाहून गेले. तिथे होडीही नव्हती.

डॉक्टरकडे दीड महिना आधी जा. रेबीजची लस चालू आहे ना बघा आणि लेप्टोचं विचारा. उंदरांच्या लघवीतून पाण्यात जाणारा हा आजार कुत्र्याला होतो आणि त्याच्याकडून तुम्हालाही. पहिल्यांदा घेताना या लसीचे दोन डोस, मध्ये काही आठवडे जातात, शुक्रवारी घेऊन शनिवारी उपयोग नाही. गोचिडांचं औषधही तेव्हाच. पिण्याचं पाणी घरून न्या. साचलेल्या पाण्यावर हिरवी-निळी साय दिसली तर तिथे त्याला उतरूही देऊ नका, ती विषारी असू शकते.

परतल्यावर त्याला आंघोळ घाला आणि कानामागे, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली गोचीड शोधा. पुढचे पंधरा दिवस तो जेवला नाही, उलट्या झाल्या, अंग तापलं किंवा लघवी गडद झाली, तर डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगा, 'धरणाच्या पाण्यात उतरला होता.'